तिसऱ्या खणातली डिस्क

“संपतराव, पेटी चालू करा. कशीही करा, पण चालू करा.”

उपळेकर साहेब दारातूनच बोलत होते. आत यायला जागा नव्हती. आमची सर्व्हर रूम म्हणजे तळघरातली, पूर्वी वॉर्डाच्या चादरी ठेवायची खोली. तिच्यात मी, एसी आणि ती पेटी एवढेच मावायचो.

“साहेब, दोन डिस्क गेल्यात.”

“आठ आहेत ना? मग सहा आहेत की अजून.”

“एक गेली तर बाकीच्या तिचं काम ओढतात. दुसरी गेली की थांबायचं, असं पेटीला सांगून ठेवलंय.”

“कुणी सांगून ठेवलंय?”

“मी.”

साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. “वर चाळीस पेशंट बसलेत. त्यांना काय सांगू? पेटी रुसलीय म्हणून?”

त्या चाळिसांत माझा सख्खा भाऊ होता. साहेबांना ते माहीत होतं. ते वळून जिना चढून गेले.

कृष्णाकाठच्या एका गावातलं ते कर्करोग रुग्णालय. गावाचं नाव सांगत नाही, उगाच कुणाच्या तोंडी नको. साहेब तिथले प्रशासक, आणि मी संगणकाचं सगळं बघणारा एकटा माणूस. किरणांचं मशीन एकच. कुठल्या पेशंटला कुठून, किती आणि किती वेळ किरण द्यायचे याची प्रत्येकाची आखणी, म्हणजे त्याचा प्लॅन, त्या पेटीतल्या डिस्कवर असायचा. पेटी बंद म्हणजे मशीन आंधळं. दुसरी पेटी घेऊन तिच्यात रोज नक्कल ठेवावी, हा विषय विश्वस्तांच्या बैठकीत दोनदा निघाला होता आणि दोन्ही वेळा चहा आल्यावर मागं पडला होता.

पेटी बसवली तेव्हा तिला बोलायला मीच शिकवलं होतं. डिस्क बिघडली की कुणाला कळवायचं आणि चूक झाली तर काय करायचं, हे दोन्ही ठरवून द्यावं लागतं. दुसऱ्या चुकीनंतर तसंच रेटत राहायचं की थांबायचं, असा पर्याय होता. मी थांबायचं निवडलं. चुकीच्या आकड्यांवर मशीन चालण्यापेक्षा न चाललेलं बरं, एवढाच माझा विचार. कळवायचं कुणाला, यावर मात्र माझं चाललं नाही. मी माझा नंबर टाकला होता. साहेब म्हणाले, “एकट्यालाच कशाला? पारदर्शक कारभार पाहिजे. सगळ्यांना कळू दे.” मग पेटीचा ईमेल रिसेप्शनवर यायला लागला आणि रिसेप्शनवरची मुलगी तो स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला लागली. त्या ग्रुपवर सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी वाढदिवस आणि संध्याकाळी सुविचार असायचे.

आज सकाळी सातव्या खणातली डिस्क गेली तेव्हा मी ग्रुप मागं सरकवत नेला. पहिली डिस्क, तिसऱ्या खणातली, तीन आठवड्यांपूर्वीच बाहेर पडली होती. ‘ॲरे डिग्रेडेड, स्लॉट थ्री’ असा मेसेज रीतसर आला होता. त्याखाली उपळेकर साहेबांनी हात जोडले होते. साहेबांनी जोडले म्हटल्यावर बाकीच्यांनीही जोडले होते. कँटीनवाल्या पाटलांनी तर ‘हार्दिक अभिनंदन’ लिहिलं होतं.

त्या दिवशी मी रजेवर होतो. कुठं, तर त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. दादाच्या पोटात अन्नासाठी नळी बसवली होती आणि मी त्याच्या उशाशी बसून होतो. पेटीला भोंगाही होता. तो वाजलाही असणार. पण तळघराच्या वरच डे-केअर वॉर्ड, आणि पेशंटची झोप मोडते म्हणून तिथल्या सिस्टरनी त्या भोंग्यावर कापसाचा बोळा ठेवून वर चिकटपट्टी मारली होती. जखम बांधावी इतकी नीट बांधली होती. मी रजेवरून आलो तो थेट माझ्या टेबलावर. पेटीपाशी कुणी गेलंच नाही.

मी वर गेलो. बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसली होती. एका कडेला दादा होता, शेजारी शालनवहिनी आणि पलीकडं गुरवबाई. बाई नेसरीकडच्या शाळेत शिक्षिका होत्या, डोळ्यामागं गाठ होती. दादाची आणि त्यांची या बाकावरच ओळख झालेली.

माझा दादा म्हणजे जोतीराम खराडे. सांगली-कोल्हापूरकडच्या कुस्तीच्या मैदानांत ज्यानं त्याचं निवेदन ऐकलंय त्याला वेगळं सांगायला नको. माईक बंद पडला तरी कुस्ती थांबत नसे, असा आवाज. आता घशात गाठ होती आणि त्या आवाजाची नुसती हवा राहिली होती.

“काय झालं रं?”

“पेटी बंद पडलीय, दादा.”

“तुझीच न्हवं?”

“माझीच.”

“मग काय काळजी न्हाई.” तो गुरवबाईंकडं वळला. “बाई, आमच्या संपतच्या हातात हाय म्हंजे झालंच समजा. लहानपणी रेडिओ खोलून परत जोडायचा ह्यो.”

बाई हसल्या. वहिनी उठून माझ्यामागं जिन्यापाशी आल्या.

“भावजी, आज व्हईल न्हवं?”

“बघतो.”

“बघतो न्हवं. शिरगुप्पे डाक्टर काय म्हनालं हुतं, ठावं हाय न्हवं तुमास्नी? मधी खंड पडला तर पयलं केल्यालं पानी व्हतंय. रातीला झोपत न्हाईत ते. बोलून दावत न्हाईत, पर लई भ्यालेत.”

मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी ते मलाच बाजूला घेऊन अधिक स्पष्ट सांगितलं होतं. किरण सुरू झाले की गाठ मरायला लागते, पण मध्ये सुट्टी दिली की उरलेल्या पेशी दुप्पट जोरानं वाढतात. दादा मध्यावर आला होता. दुसरीकडं न्यायचं म्हटलं तर तिथं पुन्हा पहिल्यापासून तपासण्या आणि रांग.

मी खाली येऊन पुण्याला कंपनीच्या माणसाला फोन लावला.

“सात नंबर मेलीय,” तो म्हणाला. “टकटक आवाज येतोय ना? ती इकडं पाठवा, प्रयोगशाळेत उघडून वाचावी लागेल. आठवडा-दहा दिवस धरा.”

“दहा दिवस नाहीत माझ्याकडं.”

“मग तीन नंबर आहे. ती तशी धडधाकट आहे. त्या दिवशी क्षणभर अडकली म्हणून पेटीनं बाहेर टाकली. तिला जबरदस्तीनं आत घेता येतं. पेटी लगेच उठेल.”

“पण ती तीन आठवडे जुनी आहे. मधलं काहीच तिच्यावर लिहिलेलं नाही.”

“हो. बाकीच्या सहा आजच्या आणि ही जुनी. फाइल उघडेल, पण तिचा कुठला तुकडा आजचा आणि कुठला जुना, ते ओळखता येणार नाही. निर्णय तुमचा.” त्याचा आवाज खाली आला. “आणि सर, मी हे सांगितलं असं कुठं लिहू नका.”

मी फोन ठेवला. मग स्वतःला म्हटलं, फक्त बघण्यापुरतं. उघडून तर बघू. घाबरलेला माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवतो. मी तिसऱ्या खणातली डिस्क आत घेतली. पेटीनं दोनदा विचारलं, खात्री आहे का. मी दोनदा हो म्हटलं. एकामागून एक दिवे हिरवे झाले.

मी कुणाला काही सांगायच्या आधीच वरून ओरडा ऐकू आला. संगणकांचे पडदे आपोआप जागे झाले होते. टाळ्या वाजल्या. मी जिना चढून धावलो, तर साहेब समोरून हसत येत होते. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

“शाब्बास! मी सांगून ठेवलंय, तुमच्या भावाला सगळ्यांच्या आधी घ्या. तेवढा मान तुमचा आहे.”

“साहेब, थांबा जरा. मला बघू दे.”

“आता काय बघायचं राहिलंय? आत गेलेसुद्धा ते.”

मशीनच्या शेजारच्या खोलीत मुजावर मॅडम पडद्यासमोर बसल्या होत्या. नजमा मुजावर. किरणांची आखणी त्या करायच्या आणि त्यांच्या सहीशिवाय मशीन कुणावरही चालत नसे. बाई मोठ्या काटेकोर. एकदा एका विश्वस्ताच्या मेव्हण्याला त्यांनी अर्ध्या मिलिमीटरसाठी टेबलावरून उठवलं होतं. बाजूच्या छोट्या पडद्यावर आतला दादा दिसत होता. तो उताणा पडला होता, चेहऱ्यावर जाळीचा पांढरा मुखवटा आणि मुखवटा चारी बाजूंनी टेबलाला आवळलेला. मानही हलवता येत नव्हती. कॅमेऱ्यातून आम्ही बघत असणार हे त्याला माहीत होतं, म्हणून त्यानं अंगठा वर केला.

“तुमच्या भावाचा प्लॅन उघडला,” मॅडम म्हणाल्या. “तारीख बरोबर दिसते. आकारही बरोबर दिसतोय.”

“कागदावरून ताडून बघता येईल का, मॅडम?”

“कागदावर बेरजा असतात संपतराव. आतले हजारो आकडे नसतात.” त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. “मला एकच सांगा. पेटीतलं सगळं कालपर्यंतचं आहे ना? तुम्ही हो म्हणा, मी सही करते.”

आता सगळे त्या घटनेविषयी बोलताना माझ्या तोंडी मोठमोठे विचार घालतात. तसलं काही नव्हतं. गुरवबाई माझ्या मनात नव्हत्या, बाकावरची बाकीची माणसं नव्हती. माझ्या मनात फक्त दादा होता. हो म्हणायचं, दादाची पाच मिनिटं होऊ द्यायची आणि दुसरा पेशंट आत जायच्या आधी म्हणायचं, थांबा, मला शंका आहे. इतकं सोपं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. दादाचा प्लॅन बरोबर दिसत होता, दोनदा मॅडमच म्हणाल्या होत्या. पण त्या ‘दिसतो’ म्हणत होत्या. घशाच्या मागं मणका असतो आणि मणक्यात मज्जारज्जूची दोरी असते, तिला जास्त किरण लागले तर माणूस लुळा पडतो, हे दादाच्या आजारात मीही शिकलो होतो. त्यातला एखादा तुकडा जुना असला तर? आणि नसला तर? मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. मला रडू यायला लागलं.

“संपतराव?”

“नाही, मॅडम,” मी म्हणालो. “काही कालचं आहे, काही तीन आठवड्यांपूर्वीचं. कुठलं कुठलं ते मला सांगता येणार नाही.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग माइकचं बटण दाबलं आणि आतल्या तंत्रज्ञाला म्हणाल्या, “मुखवटा काढा. आज कुणाचंच होणार नाही.”

दादा बाहेर आला तेव्हा त्याच्या गालांवर जाळीचे वळ होते.

“झालं? एवढ्यात?”

“नाही दादा. झालंच नाही.”

मी त्याला सगळं सांगितलं. बाकावरच्या लोकांसमोरच सांगितलं, कारण बाजूला घ्यायचं मला सुचलं नाही. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हंजे मशीन चालू हुतं.”

“हो.”

“माजा प्लॅन दिसत हुता.”

“हो, पण दादा...”

“आन् तू न्हाई म्हनलास.”

त्याचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं. त्याला चढवायला आवाजच नव्हता. तो वहिनींचा हात धरून उठला आणि माझ्याकडं न बघता चालू लागला. वहिनी मात्र थांबल्या.

“भावजी, दुसऱ्या कुनाचा भाऊ आसता तर चालवलं आसतं मशीन. खरं का न्हाई?”

त्या दादाच्या मागं गेल्या. साहेब माझ्या मागं उभे होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की अशी पेटी चालू करून बंद करायची होती तर चालू केलीच का.

सातव्या खणातली डिस्क घेऊन मी त्याच दुपारी एसटीनं पुण्याला गेलो. कुरिअरवर माझा भरवसा नव्हता. डिस्क टॉवेलात गुंडाळून सगळा रस्ता मांडीवर ठेवली होती. प्रयोगशाळेतल्या माणसाला मी इतक्यांदा फोन केला की शेवटी तो माझा नंबर बघून उचलेना. इकडं डॉक्टरांनी पेशंटची यादी लावली आणि मॅडम एकेकाचा प्लॅन नव्यानं करायला बसल्या. आधी लहान मुलं, मग मेंदूचे पेशंट. दादाचा नंबर बराच खाली होता. तो रोज सकाळी अंघोळ करून, कपडे करून खाटेवर बसायचा आणि दुपारी ते कपडे काढून ठेवायचा. मी गेलो की डोळे मिटून घ्यायचा. मला माझ्या आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नाही.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पुण्याहून सगळं परत आलं, शाबूत. पेटी नव्यानं भरली. मी सगळ्या सूचना पुसून पुन्हा लावल्या. पहिला फोन मला, मी उचलला नाही तर मॅडमना, त्यांनीही नाही उचलला तर थेट साहेबांना, आणि कुणी उचलेपर्यंत वाजत राहील असा. भोंगा मी उचलून रिसेप्शनच्या टेबलावर बसवला. साहेबांनी एका शब्दानं विरोध केला नाही.

दादाचे किरण पुन्हा सुरू झाले त्या दिवशी मुजावर मॅडमनी मला बोलावलं. त्या दिवशीची जबरदस्तीनं उठवलेली पेटी जशी होती तशी मी एका बाजूला नक्कल करून ठेवली होती. त्यांनी तिच्यातला प्रत्येक प्लॅन खऱ्या प्लॅनशी ताडून बघितला होता.

“पाच जणांचे चुकीचे होते,” त्या म्हणाल्या. “गुरवबाईंचा सगळ्यात वाईट. त्यांची गाठ आक्रसली म्हणून मी मधल्या काळात प्लॅन बदलला होता. जुना चालला असता तर चांगला डोळा गेला असता. मला कळलंही नसतं.”

“आणि दादाचा?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

“दादांचा बरोबर होता, संपतराव. शेवटच्या आकड्यापर्यंत.”

मी तिथंच खुर्चीत बसलो. मॅडमनी पाणी दिलं. त्या म्हणाल्या, “तुम्हाला ते कळणं शक्य नव्हतं. मलाही नव्हतं.” हे खरंच होतं, पण त्याचा मला काही उपयोग नव्हता.

वर वॉर्डात दादा मशीनवरून नुकताच आला होता. गालांवर वळ होते. मी आत गेलो तेव्हा या वेळी त्यानं डोळे मिटले नाहीत.

“ताडून बघितलं म्हनं मॅडमनी सगळ्यांचं,” तो म्हणाला. बातमी बाकावर माझ्याआधी पोचली होती. “बाईंचा डोळा वाचला म्हनं.”

“हो.”

“आन् माजं? माजं बरोबर हुतं का चुकीचं?”

वहिनी नळीतून दूध देत होत्या, त्यांचा हात थांबला. दादा माझ्याकडं बघत होता. इतक्या दिवसांनी बघत होता.

“चुकीचं होतं, दादा,” मी म्हणालो. “मणक्यावर गेलं असतं.”

त्यानं माझं मनगट धरलं. जिंकलेल्या पैलवानाचा हात उंच करायला धरायचा तसं घट्ट धरलं आणि सोडलंच नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वहिनी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “भावजी, मी काय बाय बोलले हो तुमास्नी.”

त्या दिवसापासून दादानं ती गोष्ट ज्याला त्याला सांगितली. भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना, न्हाव्याला, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला. “सख्खा भाऊ टेबलावर बांधल्याला, मशीन चालू, साहेब पाठीवर थाप मारतोय, आन् ह्यो न्हाई म्हनला. न्हाईतर मी आज लुळा पडलो आसतो.” मी समोर असलो की मान खाली घालायचो. लोकांना तो माझा विनय वाटायचा.

पुढच्या वर्षी गाठ परत आली, त्याच जागी. खंड पडल्यामुळं का, असं मी डॉ. शिरगुप्पेंना एकट्याला गाठून विचारलं. ते म्हणाले, “पडला नसता तरी आली असती कदाचित. सांगता येत नाही.” मी आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं.

दादा गेल्याला आता नऊ वर्षं होतील. दहाव्याच्या दिवशी आमच्या गावच्या घरी माणूस मावत नव्हतं. जुने पैलवान आले होते, गुरवबाई आल्या होत्या, मुजावर मॅडम आल्या होत्या. जेवणं झाल्यावर वहिनी बायकांत बसून तीच गोष्ट सांगत होत्या. सांगता सांगता त्यांनी मला हाक मारून जवळ बोलावलं.

“भावजींनी त्या दिवशी न्हाई म्हनलं म्हनून दोन वरसं गावली आमास्नी. चालतं-बोलतं मानूस गावलं.” मग त्या मुजावर मॅडमकडं वळल्या. “तुमी हुता की तितं. सांगा की ह्या बायकास्नी. ह्यांचं चुकीचं हुतं न्हवं?”

सगळ्या बायका मॅडमकडं बघायला लागल्या. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. अर्ध्या मिलिमीटरसाठी माणसाला टेबलावरून उठवणारी ती बाई. मी खाली बघायला लागलो.

“हो,” मॅडम म्हणाल्या. “चुकीचं होतं.”

वहिनींनी समाधानानं मान हलवली आणि दादाच्या थोरल्या मुलीला म्हणाल्या, “जा, काकांच्या पाया पड.”

ती उठून आली आणि वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत.